बाईंच्या दादांचे सदरे

आमच्या दुकानावरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंइतकी शहाणी आणि बाईंइतकी चक्रम बाई अख्ख्या पुण्यात दुसरी मिळणार नाही. आणि या दोन्ही प्रकारांचा पुण्यात कधी तुटवडा पडलेला नाही, हे लक्षात घेऊनच मी बोलतोय. मी परीट. कर्वेनगरात या इमारतीच्या तळाशी माझं लाँड्रीचं दुकान आहे. त्याआधी बापाबरोबर मुठेच्या काठी दगडावर कपडे आपटले. शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढं मास्तरांना आणि मला दोघांनाही कंटाळा आला. पण माणसं वाचायला शाळा लागत नाही, माणसांचे कपडे लागतात. वकिलाचा काळा कोट बघून तो केस जिंकला का हरला ते मी सांगतो. नवराबायको बोलत नसले की त्यांचे कपडे वेगवेगळ्या पिशव्यांतून येतात. इतक्या वर्षांत कपडे देऊन निघून जाणारी गिऱ्हाइकं शेकड्यांनी पाहिली. कपडे देऊन स्टुलावर बसणारं आणि "काका, काय म्हणतात हे?" असं कपड्यांबद्दल विचारणारं गिऱ्हाईक एकच.

बाई पन्नाशीच्या पुढच्या. उंच, काटकुळ्या, केस मानेपर्यंत कापलेले, पायात बारा महिने बूट. कुठल्याशा औषधाच्या कंपनीत संशोधनाला. त्यांच्या कुडत्यांच्या बाह्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असायची. तेजाबाचे शिंतोडे. मी रफू करून द्यायचो आणि त्या पुढच्या आठवड्यात नवीन भोकं घेऊन यायच्या, जणू माझ्या हाताला काम कमी पडू नये ही काळजी. चालताना त्यांचे ओठ हलत. जिन्यात समोर आल्या तर आपल्याकडं बघत, पण ते बघणं आपल्यासाठी नसे. आपल्या खांद्यामागं कोणी उभं असावं आणि त्याला त्या ओळखत असाव्यात, असं ते बघणं. मी दोनदा मागं वळून पाहिलंय. दोन्ही वेळा कोणी नव्हतं, आणि दोन्ही वेळा बाई पुढं निघून गेल्यावर मी जिन्याचा दिवा लावला, भर सकाळी.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना एकदा राहवलं नाही. म्हणाले, "बाई, जिन्यात आपण कोणाशी बोलत होता?"

"तुमच्याशी नव्हते," बाई म्हणाल्या. "तेवढं समजलं तरी पुरे आहे."

बाईंच्या घरातल्या एकेक गोष्टी मला त्यांच्याकडच्या मावशी सांगायच्या. मावशी दिवसभर त्यांच्या घरी असत, फक्त दुपारी एक ते तीन आपल्या घरी जेवायला जात. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. साखरेच्या डब्यावर, 'साखर. मी भरली. चाखून पाहिली.' मिठाच्या डब्यावर, 'मीठ. मावशींनी भरले. तपासणे.' त्या 'तपासणे'वरून मावशी दोन दिवस फुगून बसल्या होत्या. "म्या काय मिठाच्या डब्यात माती भरनार हाय व्हय?" असं त्यांनी मला विचारलं, जशी काही मीच ती चिठ्ठी लिहिली. बाई माझ्या दुकानात चहा घ्यायच्या, तो कप आधी तीनदा विसळून. एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा. मी म्हटलं, "बाई, परटाच्या घरचा कप आहे. स्वच्छता आम्हाला शिकवू नका." तर म्हणाल्या, "पहिल्या पाण्यात सैल बसलेलं जातं, काका. दुसऱ्या पाण्यात लोचट असतं ते जातं. तिसऱ्या पाण्यानंतरही जे राहतं, तेच खरं." मग त्यांनी कपात डोकावून बघितलं आणि खरं काही राहिलं नाही याची खात्री करून चहा ओतून घेतला.

तर एकदा मी सरळ विचारलं, की तुम्ही तिथं करता तरी काय? त्यांनी पिशवीतून करंगळीच्या पेराएवढी प्लॅस्टिकची कुपी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "ही रिकामी आहे. पण आमच्याकडं अशाच कुपीत एक थेंब पाणी असतं. त्या एका थेंबात पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त वस्तू असतात, आणि त्या साऱ्या वेगवेगळ्या. त्यांचं तोंड कोणी पाहिलेलं नाही, कधी दिसणारही नाही. पण प्रत्येकीला नाव आहे."

"दिसत नाहीत तर नावं कोणी ठेवली?"

"मी," बाई म्हणाल्या.

उन्हाचा चटका होता, बाहेर शाळेच्या रिक्षा कर्कश वाजत होत्या, आणि माझ्या हातावर काटा आला. कुपी रिकामी आहे असं त्यांनी सांगितलं होतं. तरी मी ती परत देताना झाकण घट्ट आहे का ते बघितलं.

हे सगळं मला समजलं ते आमच्या धंद्यातल्या बिब्ब्यामुळं. आता पोरंटोरं पेनानं खूण करतात, ती तीन धुण्यांत जाते. मी अजून बिब्ब्याचं तेल सुईच्या टोकानं लावतो, वर चुना, आणि ती खूण कापडाबरोबरच फाटते. शंभर घरांचे कपडे एका भट्टीत उकळायचे म्हणजे प्रत्येकाला त्याची खूण हवी. एका घराला दोन ठिपके आणि काडी, दुसऱ्याला त्रिकोण, तिसऱ्याला आणखी काही. ही लिपी माझ्या बापाची, ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. बाई एका रविवारी हे बघत बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "काका, आपण दोघं एकाच धंद्यात आहोत की."

मला राग आला. म्हटलं, "हा धंदा माझ्या बापाचा आहे, तुमच्या कंपनीचा नाही."

त्यावर त्या समजावून सांगायला उठल्या. माझ्या टेबलावर धुऊन, इस्त्री होऊन, घरोघरचे वेगळे केलेले गठ्ठे मांडलेले होते. बाईंनी ते सगळे एकत्र केले. मी "अहो! अहो बाई!" करेपर्यंत त्यांनी त्या ढिगाचे पुन्हा चार वाटे केले. "आता समजा या वाट्याला मी एक तुकडा जोडला, त्याला दुसरा, त्याला तिसरा. ज्याला जो तुकडा जोडला त्याची खूण त्याच्या शेपटीला लावली. आमची खूण बिब्ब्याची नसते, डीएनएची असते. मग पुन्हा सगळं एकत्र." आणि पुन्हा एकत्र! "पुन्हा वाटे. पुन्हा तुकडा, पुन्हा खूण." सेक्रेटरींची विजार वकीलसाहेबांच्या सुनेच्या साडीवर जाऊन पडली. "असं करत करत अब्जावधी तऱ्हा तयार होतात. मग तो सगळा थेंब आजाराच्या मुळाशी जी वस्तू असते तिच्यावर ओतायचा आणि धुवायचं. धुवायचं, धुवायचं. बाकी सगळं वाहून जातं. जे चिकटून राहतं त्याच्या शेपटीवरच्या खुणा वाचायच्या. म्हणजे कळतं, कोणते तुकडे जोडले तर औषध होऊ शकेल."

"आणि माझे कपडे?" मी विचारलं.

"वाचा की खुणा," बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

माझी सगळी दुपार त्यात गेली. बाई हलल्या नाहीत. शेवटचा रुमाल त्याच्या घरच्या गठ्ठ्यात गेला तेव्हा एकही कपडा चुकला नव्हता. बाई बराच वेळ त्या गठ्ठ्यांकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं असं होत नाही, काका. तुकडा जोडायला ताप लागतो, तेजाब लागतं, आणि खूण फार नाजूक. ती भाजून जाते. मग वस्तू असते पण बेवारस. आणि दुसरं त्याहून वाईट. खूण नीट लागते, पण तुकडा जोडलाच जात नाही. शेपटी सांगते आत अमुक आहे. आत असतं भलतंच, नाहीतर अर्धवट काहीतरी. नाव असतं, माणूस नसतो. औषध शोधणारे दुसरे आहेत. वीस वर्षं मी एवढंच करते आहे, की जे नाव लिहिलंय तेच आत असावं."

मी आमच्या धंद्यातली युक्ती सांगितली. खुणेवर कापडाची घडी घालून टाके मारायचे, भट्टीतून काढल्यावर उसवायचे. खुणेला आच लागत नाही. बाई म्हणाल्या, "ते आमच्यात केव्हाच करून झालं, काका." मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आता बाईंच्या दादांबद्दल सांगायला हवं, कारण बाईंचं सगळं वेड त्यांच्यापाशी येऊन थांबत होतं. दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दोघंही बिनलग्नाची, दोघंच राहायची. दादांना स्नायू वाळत जाण्याचा आजार झाला. त्याचं नाव लांबलचक होतं आणि औषध नव्हतं. बाईंच्या त्या थेंबातून जे शोधायचं होतं ते याच आजारासाठी. दादा खाली उतरायचे बंद झाले त्याला दोन वर्षं झाली आणि त्या दोन वर्षांत मी त्यांना एकदाही पाहिलं नाही. मी त्यांचे सदरे बघत होतो.

सुरुवात माझ्या तोंडून झाली. एका रविवारी मी सहज म्हटलं, "दादांचा उजवा हात वर जात नाही का हल्ली?" बाईंनी विचारलं, कशावरून? मी दाखवलं. हात वर करणाऱ्या माणसाच्या सदऱ्याला काखेत एक चुणी पडते. डावीकडं होती, उजवीकडं नव्हती. महिन्याभरानं डॉक्टरांनी तेच सांगितलं. त्यानंतरच्या रविवारी सकाळी बाई वही घेऊन आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मी दादाला रोज बघते. रोज बघणाऱ्याचे डोळे खोटं बोलतात, त्यात माया असते. तुम्ही त्याला बघत नाही. तुम्ही सांगत जा." शिकलेल्या बाईनं माझ्यापुढं वही उघडून बसावं, हा मान मला कोणी दिला नव्हता. मी कबूल केलं, आणि कबूल करताना बजावलं, की मी जे असेल तेच सांगेन, गोड करून सांगणार नाही.

तसं मी सांगत गेलो. काजं बाहेरून उसवलीत, म्हणजे बटणं आता दुसरं कोणी लावतंय. कॉलर डावीकडं मळलीय आणि उजवीकडं कोरी आहे, म्हणजे मान डावीकडं कलते. डाव्या खिशावर लाळेचा डाग. मग एका आठवड्यात कोपरांच्या घड्या गेल्या, डाव्याही आणि उजव्याही. मग पाठीवर चादरीच्या सुरकुत्या उमटून यायला लागल्या. बाई मान खाली घालून लिहून घेत. माझी तर अशी अवस्था झाली, की गठ्ठा सोडायला हात धजेना. सदरे दर आठवड्याला तितकेच येत होते, सात. पण त्यांच्यातून माणूस थोडा थोडा कमी होत चालला होता. शेवटी शेवटी ते इतके स्वच्छ यायला लागले, की धुवायचं काय हा प्रश्न पडावा. मळ म्हणजे काय हो? माणूस हलला, घामेजला, कुठं टेकला, भांडला, जेवला, याचा पुरावा. मी जन्मभर मळाशी वैर केलं आणि म्हातारपणी एका कॉलरवर मळ शोधत बसलो.

आणि एका रविवारी तो सापडला.

सात सदऱ्यांत तो एक होता. फिक्या निळ्या रंगाचा, कॉलरला दादांचीच खूण, माझ्याच हातची. पाठ घामानं कडक झालेली. दोन्ही कोपरांना खोल घड्या. काखेत चुण्या. खालच्या काठाला चिखलाचे शिंतोडे. हा सदरा घालून कोणीतरी चाललं होतं, ओझं उचललं होतं, उन्हात उभं राहिलं होतं. मी तो टेबलावर पसरला आणि दोन पावलं मागं सरलो. सदरा असा पडला होता, की आता उठून बसेल.

बाईंना मी एकेक खूण दाखवत सांगितलं. त्यांनी सदरा हातात घेतला, कोपराच्या घडीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हणाल्या, "घरी मी असते तेव्हा तो हलत नाही. मावशी असतात तेव्हाही नाही." मग अगदी हळू, "म्हणजे एक ते तीन." एक ते तीन घरात कोणी नसायचं. ज्या माणसाला चमचा उचलत नव्हता, तो रिकाम्या घरात उठून फिरत होता, आणि चिखल? चिखल कुठून आणत होता? पण बाई हसल्या. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. वीस वर्षं प्रत्येक खुणेवर संशय घेणारी बाई त्या खुणेवर एक शब्द बोलली नाही.

पुढच्या रविवारी तसाच एक सदरा. त्याच्या पुढच्याही. त्या दिवसांत दुपारी दुकान बंद करून मी टेबलावर आडवा व्हायचो, ते डोळे छताला लावून. आणि तुम्हाला खोटं वाटेल, वरून पावलं ऐकू यायची. खिडकीपासून दारापर्यंत. थांबायची. परत खिडकीपर्यंत. आता मी म्हणतो, की मन मानलं की कान ऐकतात. तेव्हा मात्र घामानं माझीच पाठ टेबलाला चिकटायची.

तिसऱ्या रविवारनंतर दोनच दिवसांनी, मावशींना न्यायला त्यांचा नवरा स्कूटरवरून आला. तो कुठल्याशा बंगल्यावर माळीकाम करतो. माझ्या दारासमोर पाठमोरा उभा होता, अंगात फिका निळा सदरा. बाहीवरची इस्त्री माझी. ती मी हजारात ओळखेन. मी बाहेर गेलो आणि काही न बोलता मागून त्याची कॉलर उलटी केली.

"अवो काका, सोडा की! म्या काय चोर हाय का?"

खूण दादांची होती. तेवढ्यात मावशी जिना उतरून आल्या आणि रडायलाच लागल्या. "दादांनीच दिलं वो दोन सदरं. सैल व्हत्यात म्हनले, वाया कशाला घालवता. आन् म्या दादांचा एक घरीच धुऊन त्याच्या जागी ह्यो गठ्ठ्यात सरकवला. तुमच्यासारखी इस्त्री मला येती व्हय? बाईंला सांगू नका!"

त्यांच्यावर चिडायला माझ्यापाशी ताकदच नव्हती. खूण खरी होती, मी वाचली ती बरोबर वाचली होती, आणि आत माणूस दुसराच होता. मी छातीठोकपणे सांगितलेली ती तीन रविवारची गोष्ट एका माळ्याच्या कोपराची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता, मावशींकडून किल्ली घेऊन, मी जिना चढलो. या इमारतीत इतकी वर्षं, पण त्या घरात मी कधी गेलो नव्हतो. आत टीव्ही चालू होता, आवाज बंद. सगळीकडं चिठ्ठ्या. खिडकीशी चाकांच्या खुर्चीत दादा बसले होते. मान डावीकडं. डाव्या खिशावर ओला डाग. दोन्ही हात मांडीवर, कोपरं सरळ. दोन वर्षांत ज्याला एकदाही पाहिलं नव्हतं त्या माणसाची एकेक घडी मला पाठ होती. आधी मृत्यूचा दाखला वाचावा आणि मग प्रेत बघावं तसं झालं. पण ते प्रेत माझ्याकडं बघत होतं, आणि डोळे चांगले मिश्किल होते.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सदरा, माळी, माझी चूक. दादांचं तोंड हलायला वेळ लागला.

"माहीत... आहे."

"माहीत आहे? मग बाईंना सांगितलं का नाही?"

"ती... हसली." बराच वेळ गेला. "रविवारी. तीन... रविवार."

मी त्यांच्या खिशावरचा ओला डाग रुमालानं टिपला.

"राहू... द्या," दादा म्हणाले. "अजून... एक."

जिना उतरताना मी स्वतःशी भांडत होतो. माझ्या बापानं मरताना सांगितलं होतं, की डाग निघाला नाही तर निघाला नाही म्हण, पण कपडा घडीत लपवून देऊ नकोस. तेव्हापासून आजवर मी ते पाळलं होतं. रविवारी बाई वही घेऊन बसल्या. गठ्ठ्यात सात सदरे, सातही सपाट. मी त्यातला एक उचलला, पाठ त्यांच्याकडं केली आणि म्हटलं, "कोपराला घडी आहे. मागच्या आठवड्याइतकी नाही, पण आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, हा सदरा कोणी घातलाच नव्हता."

मी वळलो.

"सातही कपाटातले आहेत. मीच काढून गठ्ठ्यात टाकले. या आठवड्यात दादाला मी नवे कोरे सदरे घातले, खूण नसलेले, आणि रोज संध्याकाळी स्वतः बघितले. एकाही कोपराला घडी नव्हती. आमच्यात असंच करतात. खूण काढून टाकायची, वस्तू नव्यानं बनवायची आणि मग चिकटते का ते बघायचं. नाही चिकटली, तर आधीचं सगळं खोटं."

माझ्या हातातून सदरा सुटला. आयुष्यात एक खोटं बोललो आणि तेही कोऱ्या कपड्याबद्दल! मी म्हटलं, "बाई, तीन आठवडे मीच तुम्हाला फसवलं."

"तुम्ही वाचलं ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "मी वीस वर्षं याच चुकीच्या मागं आहे, काका. घरात शिरली ती मला दिसली नाही."

"दादांना सांगितलंत?"

"नाही." बाईंनी वही मिटली. "मी रविवारी हसत वर जाते ना, ते त्याला आवडतं."

म्हणजे दादांना माहीत होतं, मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं, आणि तिघंही एकमेकांसाठी ते झाकून बसलो होतो. मी दादांचं नाव घेतलं नाही. बहुधा बाईंना तेही कळलं असावं. त्यानंतर दर रविवारी आमचं असं ठरून गेलं. खाली मी खरं ते सांगायचं, बाईंनी लिहून घ्यायचं. मग त्या भिंतीवरच्या माझ्या आरशासमोर उभ्या राहायच्या आणि चेहऱ्यावर हसू बसवायच्या. पहिल्यांदा ते वाकडं बसायचं. काढायच्या, पुन्हा बसवायच्या. नीट बसलं, की काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसं, जराही न सांडता, ते वरपर्यंत घेऊन जायच्या. असलं भीतिदायक आणि असलं प्रेमळ हसू मी दुसरं पाहिलेलं नाही. सेक्रेटरींनी एकदा समोरून पाहिलं आणि ते भिंतीला चिकटून उभे राहिले.

मग एका आठवड्यात सातऐवजी दोनच सदरे आले. पुढच्या आठवड्यात एक. त्याच्या पुढच्या रविवारी बाई रिकाम्या हातानं स्टुलावर येऊन बसल्या. मी चहा टाकला. त्यांनी कप विसळला नाही, तसाच घेतला.

त्यानंतर बाई सुट्टी काढतील, तीर्थाला जातील, निदान बूट तरी बदलतील, असं सगळ्यांना वाटलं. बाई तेराव्यानंतर कामावर गेल्या आणि बाह्यांवर नवी भोकं घेऊन आल्या. कित्येक महिने गेले. परवाच्या एका संध्याकाळी त्या कामावरून तशाच दुकानात आल्या, पिशवीसुद्धा खाली न ठेवता.

"काका, एक चिकटलं."

"काय?"

"थेंबातलं एक. खूण काढली, नव्यानं बनवलं, तरी चिकटलं. तीनदा बनवलं, तीन वेगळ्या माणसांकडून. तिन्ही वेळा. जे नाव होतं तेच आत होतं." कंपनीत अजून कोणाला सांगितलं नव्हतं. आधी मला सांगत होत्या.

मी विचारलं, "म्हणजे औषध झालं?"

"छे. औषध व्हायला दहा वर्षं, बारा वर्षं. चिकटलेल्यांतली बहुतेक मध्येच मरतात. हेही मरेल कदाचित."

मी तोंडाचा फटकळ. म्हणून टाकलं, "मग आता चिकटून कोणाला उपयोग? दादा गेले. दहा वर्षांनी मी नाही, तुम्हीही म्हाताऱ्या."

बाईंना राग आला नाही. त्या स्टुलावर बसल्या. "कात्रजला एक मुलगी आहे. एकोणीस वर्षांची. आजाराची माणसं महिन्यातून एकदा भेटतात, तिथं येते. तिला आत्ताच सुरू झालाय. अजून जिना चढते. स्वतःची वेणी स्वतः घालते." मग नेहमीसारखं माझ्या खांद्यामागं कुठंतरी बघत म्हणाल्या, "दहा वर्षांनी ती एकोणतीस वर्षांची असेल."

मी या खेपेला मागं वळून बघितलं नाही.

त्या वर निघाल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, त्या मुलीचे कपडे माझ्याकडं पाठवा. कात्रजहून लांब पडतं, पण पाठवा. माझे डोळे अजून चांगले आहेत." बाईंनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. बाईंचं ते कधीच कळत नाही.

कपडे अजून आलेले नाहीत. मीही पुन्हा विचारलं नाही. रविवार जातो, आणखी एक जातो, मी टेबल आवरतो, आणि त्या न आलेल्या गठ्ठ्याचा अर्थ असा लावतो, की ती पोर अजून आपले कपडे आपल्याच हातांनी पिळते आहे.